पेकिंगमधील पाद्री रिची दिवसभर काय करत असत?

पूर्वरंग

मातेओ रिची या इटालियन जेझुइट पाद्र्यांविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात ठरावीक गोष्टी येतात. त्यांनी चीनच्या बादशहाला घड्याळे भेट दिली, जगाचा नकाशा चिनी अक्षरांत छापवला आणि युक्लिडची भूमिती चिनी भाषेत आणली. हे सारे खरे असले तरी त्यातून माणसाचा दिवस कसा जात होता हे मुळीच कळत नाही. १५५२ साली माचेराता येथे एका औषधविक्रेत्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा रोममध्ये कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी गेला, ते सोडून १५७१ मध्ये येशूसंघात, म्हणजे जेझुइटांच्या संघात, दाखल झाला, १५८२ मध्ये मकाव या पोर्तुगीज वसाहतीत उतरला, पुढे दक्षिण आणि मध्य चीनमधील शहरांत सतरा-अठरा वर्षे काढून २४ जानेवारी १६०१ रोजी पेकिंगला (आजच्या बीजिंगला) पोचला आणि ११ मे १६१० रोजी तेथेच वारला.

प्रश्न या शेवटच्या नऊ वर्षांचा आहे. वानली बादशहाने त्यांना एकदाही समोर बोलावले नाही. चौकात उभे राहून प्रवचन करणे त्या राजधानीत धोक्याचे होते आणि रिचींना ते पसंतही नव्हते. परक्या घरातील स्त्रियांशी बोलणे अशक्यच होते. मग सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत हे गृहस्थ करत काय असत? माझा अंदाज असा आहे की आपण ज्याला धर्मकार्य म्हणतो, त्यात त्यांच्या दिवसाचा अगदी थोडा भाग गेला. उरलेला कशात गेला, आणि तसा तो जाणे त्यांना मनापासून मान्य होते की तो नाइलाज होता, यावर जाणकारांनी लिहावे. त्यांच्या थोरवीची चर्चा अन्यत्र पुष्कळ झालेली आहे. ती येथे नसली तरी चालेल.

अडगळ

घड्याळांना किल्ली देत असत.

शमा

अडगळ यांनी विनोद केला असला तरी तो वस्तुस्थितीच्या फार जवळ जाणारा आहे. भेटीदाखल दिलेल्या दोन घड्याळांपैकी मोठे घड्याळ वजनांवर चालणारे होते आणि छोटे स्प्रिंगवर. ती राजवाड्यात पोचल्यानंतर थोड्याच काळात मोठे घड्याळ बंद पडले आणि खोजे (राजवाड्यातील षंढ सेवक) धावत पाद्र्यांकडे आले. चार खोज्यांना घड्याळाची निगा शिकवण्याचे काम रिची आणि त्यांचे स्पॅनिश सहकारी दिएगो दे पांतोहा यांच्यावर आले. त्या खोज्यांनी प्रत्येक बारीकसारीक बाब लिहून घेतली, कारण बादशहासमोर घड्याळ अडले तर शिक्षा त्यांनाच भोगावी लागणार होती. पुढे घड्याळांच्या देखभालीसाठी वर्षातून चार वेळा राजवाड्यात जाण्याची परवानगी पाद्र्यांना मिळाली. ज्या बादशहाला भेटण्यासाठी त्यांनी इतकी वर्षे खटपट केली, त्याच्या घराचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडला तो दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या नात्याने.

छोट्या घड्याळाचा एक किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. बादशहाच्या मातोश्रींना ते पाहायचे होते. त्या ते स्वतःकडेच ठेवून घेतील या भीतीने बादशहाने ते किल्ली न देता पाठवायला सांगितले. न चालणारी वस्तू पाहून मातोश्रींनी ती परत केली. आकाशपुत्र म्हणवून घेणाऱ्या सम्राटाची ही युक्ती पाहिली की तो एकदम ओळखीचा वाटू लागतो.

कागदपत्रे

पूर्वरंग यांच्या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर असे आहे: ते भेटी घेत असत आणि भेटी देत असत. हे वाक्य वाचायला सोपे असले, तरी त्यामागे किती तास जात असतील याची कल्पना यावी म्हणून थोडे तपशिलात लिहितो. पुढील बहुतेक माहिती रिचींनी आयुष्याच्या अखेरीस इटालियन भाषेत लिहून ठेवलेल्या नोंदींतून आलेली आहे. त्या नोंदींचे लॅटिन रूपांतर निकोला त्रिगो यांनी १६१५ मध्ये प्रसिद्ध केले.

चीनमधील सुशिक्षित वर्गात कोणाच्या घरी जायचे तर आधी घड्या घातलेल्या कागदाची एक लहानशी पुस्तिका दारवानाकडे द्यावी लागे. तीत पाहुण्याचे नाव आणि नम्रतेची ठरावीक वाक्ये असत. यजमान घरात नसल्यास ती पुस्तिका ठेवून जायचे, आणि मग त्या यजमानाला परतभेटीसाठी येणे भागच असे. भेटीचा झगा वेगळा होता. पाहुणा भेटीच्या पोशाखात आला आणि यजमान घरच्या कपड्यांत असला, तर यजमानाने आत जाऊन झगा घालून येईपर्यंत नमस्काराचा विधी सुरूच होत नसे. त्यानंतर कोणी कोठे बसायचे यावरून आग्रह आणि नकार चाले. यजमान स्वतः पाहुण्याची खुर्ची मानाच्या जागी नीट ठेवून तिच्यावरची नसलेली धूळ झटके, आणि पाहुणा यजमानाच्या खुर्चीसाठी तेच करे. चहा एकदा येऊन भागत नसे. बसणे लांबले तर तो पुन्हापुन्हा येत राही. निघताना यजमान दारापर्यंत पोचवायला येई, पाहुणा त्याला आत जाण्याची विनंती करी, यजमान नकार देई, आणि पाहुणा घोड्यावर बसून पुढे गेल्यावरही नोकरांकरवी निरोपाची देवाणघेवाण होई.

भेटवस्तूंचा हिशेब आणखी वेगळा. वस्तूंसोबत यादी येई. त्यांतील काही स्वीकारून बाकीच्या परत पाठवणे हे सभ्यतेचे मानले जात असे, आणि जे स्वीकारले त्याच्या तोडीचे काहीतरी परत पाठवावे लागे. त्यातच जेवणावळीची निमंत्रणे. नानछांग आणि नानजिंगमध्ये असल्यापासूनच त्यांना एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी जावे लागण्याचे प्रसंग येत.

माझे स्वतःचे मत असे की रिचींच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काम भूमितीचे भाषांतर हे नव्हते. रोज हसतमुखाने त्याच त्या वाक्यांची उजळणी करणे आणि तरीही समोरच्या प्रत्येकाला आपण त्याच्यासाठीच थांबलो आहोत असे वाटू देणे, हे काम अधिक कठीण होते.

तिरकस

कागदपत्रे यांचा प्रतिसाद वाचून माझी खात्री पटली की चीन ख्रिस्ती न होण्याचे कारण कन्फ्यूशियस नसून चहा होता.

वाटसरू

घराबाहेरच्या भागाविषयी थोडी भर घालतो. पेकिंगचे बहुतेक रस्ते फरसबंद नव्हते. पावसाळ्यात चिखल होई, आणि इतर वेळी वाऱ्याबरोबर उडणारी धूळ कोणत्याही घराला सोडत नसे. त्यामुळे बाहेर पडणारी माणसे डोक्यावरून चेहऱ्यापुढे लोंबणारा पातळ बुरखा घेत. त्यातून बाहेरचे दिसे, पण धूळ आत येत नसे. रिचींनी या बुरख्याचा दुसरा उपयोगही टिपून ठेवला आहे. बुरखा घेतलेल्या माणसाला कोणी ओळखत नसे, त्यामुळे वाटेत एखादा मोठा अधिकारी समोर आला तरी खाली उतरून नमस्काराचे सोपस्कार करावे लागत नसत आणि जवळ मोठा लवाजमा नसल्याचे वैषम्यही वाटत नसे. परदेशी माणसाला तर ही सोय दुहेरी होती. निळसर डोळे आणि दाट दाढी यांमुळे बघ्यांची गर्दी जमण्याचा त्रास त्यांना दक्षिणेत पुष्कळ झाला होता. येथे ते कापडाआड निवांतपणे फिरू शकत.

येण्याजाण्यासाठी चौकाचौकांत, वेशींपाशी आणि पुलांजवळ भाड्याची जनावरे मिळत. जनावरासोबत चालणाऱ्या माणसाला शहरातील सगळ्या प्रतिष्ठितांची घरे माहीत असत. कोणता अधिकारी कोणत्या गल्लीत राहतो हे सांगणारे छापील पुस्तकही विकत मिळे. म्हणजे कागदपत्रे यांनी वर्णिलेल्या भेटी हा केवळ रिचींचा व्याप नव्हता. सगळे शहरच त्यासाठी सज्ज होते.

आंजेलुस

कॅथलिक घरात वाढल्यामुळे एक गोष्ट मला या चर्चेत राहून गेल्यासारखी वाटते. येशूसंघातील धर्मगुरूच्या दिवसाला स्वतःचे वेळापत्रक असतेच. पहाटेचे ध्यान, रोजची मिस्सा, प्रार्थनाग्रंथातील दिवसभराच्या प्रार्थना, आणि दिवसातून दोनदा आपल्या वागण्याचे परीक्षण हे त्यांच्या नियमातच आहे. संघीयांना मठवासीयांप्रमाणे एकत्र जमून प्रार्थना गाण्याचे बंधन नव्हते, म्हणूनच प्रवासात आणि पाहुण्यांच्या गर्दीतही हा नियम एकट्याने पाळता येत असे. पाहुणे येण्यापूर्वीचे आणि गेल्यानंतरचे तास हे असे भरलेले होते.

त्याखेरीज रिची हे चीनमधील सर्व मिशन-घरांचे प्रमुख होते. शाओचौ, नानछांग, नानजिंग येथील सहकाऱ्यांची पत्रे येत, तक्रारी येत, खर्चाच्या मागण्या येत. नव्याने आलेल्या पाद्र्यांना चिनी अभिजात ग्रंथ ते स्वतः शिकवत. त्यांचे छापील ग्रंथ वाचून दूरदूरच्या प्रांतांतून अनोळखी विद्वान पत्राने शंका विचारत, आणि त्यांची उत्तरे उत्तम चिनी गद्यात पाठवणे आवश्यक होते, कारण गबाळे उत्तर गेले तर ग्रंथाचीही किंमत कमी झाली असती. पूर्वरंग यांनी धर्मकार्य थोडे आणि इतर पुष्कळ अशी जी विभागणी केली आहे, ती रिचींना स्वतःला कितपत समजली असती याची मला शंका आहे.

निरंजन_द

मला या सगळ्या कौतुकात मूळ हेतू झाकला जातो आहे असे वाटते. हे गृहस्थ चीनमध्ये चहा प्यायला गेले नव्हते. धर्मांतर घडवणे हेच उद्दिष्ट होते आणि त्यासाठी त्यांनी वेषांतर केले, याला दुसरे नाव देण्याची गरज नाही. प्रथम बौद्ध भिक्षूंसारखे मुंडण करून राहिले. भिक्षूंना सुशिक्षितांत मान नाही असे लक्षात आल्यावर १५९५ च्या सुमारास दाढी-केस वाढवून विद्वानांचा रेशमी झगा घातला. भिंतीवर नकाशा लावला, टेबलावर काचेचा त्रिकोणी लोलक ठेवला, आणि क्रूसावरील ख्रिस्त मात्र सामानाच्या तळाशी ठेवला.

तो सापडला तेव्हा काय झाले हेही सांगायला हवे. १६०० साली राजधानीच्या वाटेवर असताना करवसुली करणाऱ्या मा थांग या खोज्याने त्यांना अडवले आणि सामानाची झडती घेतली. त्यात लाकडात कोरलेली, रक्ताच्या धारा रंगवलेली क्रूसावरची मूर्ती निघाली. बादशहाला मारण्यासाठी केलेला हा जादूटोणा आहे असे मा थांगला वाटले. पाद्र्यांना थिएनजिनमध्ये कडाक्याच्या थंडीत अडकून पडावे लागले. आपल्या धर्माचे सर्वांत मुख्य चिन्ह समोरच्याला समजावून सांगता येऊ नये आणि त्याऐवजी घड्याळ पुढे करावे लागावे, ही धर्मप्रसारकाची हार नव्हे काय?

कागदपत्रे

निरंजन यांनी सांगितलेला प्रसंग खरा आहे. निष्कर्ष मला मान्य नाही. वेषांतर म्हणजे ओळख लपवणे. रिचींनी आपण पश्चिमेकडून आलेले धर्मसेवक आहोत हे कधीच लपवले नाही. बादशहाला दिलेल्या भेटीतही ख्रिस्त आणि मरिया यांची चित्रे होतीच. झगा बदलण्याचा सल्लाही त्यांच्या चिनी मित्राचा, छू थाइसू यांचा होता. हे महाशय मुळात किमया शिकण्याच्या आशेने रिचींकडे आले, गणितात रमले आणि अखेरीस बाप्तिस्मा घेऊन थांबले. वेष बदलण्याआधी रिचींनी वरिष्ठ आलेस्सांद्रो व्हालिन्यानो यांची रीतसर अनुमतीही घेतली होती.

उद्दिष्ट आणि दिनक्रम यांतील अंतर रिचींना पुरते ठाऊक होते. नानछांगमध्ये असताना लोक आपल्याकडे का येतात याची कारणे त्यांनी एका पत्रात मांडली आहेत. परदेशी माणूस चिनी बोलतो आणि चिनी ग्रंथ जाणतो याचे नवल, पाऱ्यापासून चांदी करण्याची विद्या याला येते अशी अफवा, स्मरणशक्ती वाढवण्याची पद्धत शिकण्याची इच्छा, गणित, आणि घरातील अपूर्व वस्तू. आत्म्याच्या उद्धाराविषयी ऐकण्यासाठी येणारे सर्वांत शेवटी येतात आणि त्यांची संख्या सर्वांत कमी, असे त्यांनी नोंदवले. स्वतःच्या कामाचा इतका निर्विकार हिशेब मांडणारा माणूस भ्रमात होता असे मला वाटत नाही.

स्मरणशक्तीचा भाग पोकळ नव्हता. चिनी अक्षरांची लांबलचक यादी एकदा वाचून ती सरळ आणि उलट म्हणून दाखवण्याचा प्रयोग ते मंडळींसमोर करत. परीक्षांवर आयुष्य टांगलेल्या समाजात याचा काय परिणाम झाला असेल हे सांगायला नको.

अडगळ

म्हणजे शिकवणीवर्ग काढला असता तर मकावहून पैसे मागवावे लागले नसते.

रोहिणी_नक्षत्र

अडगळ यांनी विषय काढलाच आहे तर विचारते: घर चालत होते कशावर? भाड्याची जनावरे, रेशमी झगे, भेटवस्तू, नोकर, दारवान हे सर्व फुकट होत नसणार.

शमा

मुख्य पुरवठा मकावहून होई. पोर्तुगीज व्यापारी मकाव आणि नागासाकी यांच्यामध्ये चिनी रेशीम आणि जपानी चांदी यांचा व्यापार करत, आणि येशूसंघाला त्या व्यापारात रेशमाचा ठरावीक वाटा असे. वादळात जहाज बुडाले किंवा डचांनी पकडले की त्याचा चटका पेकिंगच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत असे. पैसे दक्षिणेकडून उत्तरेकडे आणण्यातच कित्येक आठवडे जात आणि वाटेतील चोरीचा धोका निराळा. याशिवाय दरबाराच्या खजिन्यातून त्यांना धान्य आणि चांदी अशा रूपाने लहानसे साहाय्य मिळत असे. रक्कम थोडी असली तरी त्यामुळे आपण बादशहाच्या अनुमतीने येथे राहतो हे सांगता येई, आणि त्याचा उपयोग पैशाहून अधिक होता. सुरुवातीला परदेशी वकिलातींच्या सराईत आणि मग भाड्याच्या घरांत राहिल्यावर १६०५ साली त्यांनी श्वानवू वेशीजवळ स्वतःचे घर घेतले.

चांदीच्या अफवेचे मूळही येथेच आहे. हे लोक शेती करत नाहीत, दुकान चालवत नाहीत, पदावर नाहीत, कोणाकडे हात पसरत नाहीत, तरी यांचे चालते कसे? शेजाऱ्यांनी काढलेला तर्क चुकीचा असला तरी अगदीच अडाणीपणाचा नव्हता.

वाटसरू

थोडे विषयांतर, पण आपल्याला जवळचे आहे. रिची १५७८ च्या सप्टेंबरात गोव्याला उतरले. काही काळ त्यांनी तेथे आणि कोचीनला शिकवण्याचे काम केले आणि १५८० मध्ये कोचीनलाच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे पेकिंगमध्ये असतानाही भारताशी त्यांचा एक विलक्षण संबंध आला. मध्ययुगीन प्रवाशांनी वर्णिलेला कॅथे नावाचा देश म्हणजे चीनच, असे रिची ठामपणे लिहीत होते. भारतातील संघीयांना ते पटत नव्हते. म्हणून बेंतो दे गोइश या ब्रदरना (गुरुदीक्षा न घेतलेल्या संघीयांना) खुष्कीच्या मार्गाने पाठवण्यात आले. ते १६०२ मध्ये आग्र्याहून निघाले, व्यापाऱ्याच्या वेषात लाहोर, काबूल आणि यार्कंदवरून चीनच्या वायव्य सीमेपर्यंत पोचले आणि तेथेच अडकून पडले. त्यांचे पत्र मिळताच रिचींनी एका चिनी सहकाऱ्याला त्यांच्याकडे धाडले. तो पोचला तेव्हा गोइश मरणासन्न होते. एप्रिल १६०७ मध्ये ते वारले. त्यांचा आर्मेनियन सोबती इसाक मात्र पेकिंगला पोचला आणि रिचींनी त्याच्याकडून सगळी हकीकत ऐकून लिहून घेतली.

युरोपशी पत्रव्यवहार याहून बरा नव्हता. रोमला लिहिलेल्या पत्राचे उत्तर यायला कित्येक वर्षे लागत, आणि एक प्रत बुडाली तर दुसरी तरी पोचावी म्हणून तेच पत्र वेगवेगळ्या मार्गांनी पाठवले जाई. ज्याला लिहीत आहोत तो हयात असेल की नाही हे ठाऊक नसताना लिहीत राहावे लागे.

शमा

वाटसरू यांच्या गोइशवरून काइफेंगचे पाहुणे आठवले. १६०५ च्या उन्हाळ्यात आय थिएन नावाचे साठीचे गृहस्थ रिचींच्या दारात आले. ते ज्यू होते. एकाच देवाला मानणारे परदेशी पेकिंगमध्ये आले आहेत आणि ते मुसलमान नाहीत, एवढे ऐकून त्यांनी तर्क केला की हे आपल्यापैकीच असणार. रिचींनी त्यांना देवघरात नेले. तेथे मरिया, बाळ येशू आणि लहानगा योहान यांचे चित्र होते. आय थिएन यांनी ती रिबेका आणि तिची मुले याकोब आणि एसाव असे समजून नमस्कार केला, वर आपल्याकडे मूर्तींना नमस्कार करत नाहीत हेही सांगितले. इकडे रिचींना वाटत होते की हे कोणी जुने, विसरले गेलेले ख्रिस्ती आहेत. बराच वेळ दोघेही एकमेकांना स्वधर्मीय समजून आनंदात बोलत होते. काइफेंगमध्ये ज्यूंची वस्ती आहे हे युरोपला कळले ते या भेटीमुळे. रिचींच्या बैठकीच्या खोलीत असेही दिवस उगवत असत.

मुक्ता_लेखन

आतापर्यंतच्या प्रतिसादांत घरातील इतर माणसे जवळजवळ आलीच नाहीत. मकावच्या चिनी ख्रिस्ती कुटुंबांतून आलेले ब्रदर हे या घरांचे खरे आधार होते. चोंग मिंगरेन आणि हुआंग मिंगशा या दोघांना १५९१ मध्ये संघात घेण्यात आले. घर शोधणे, करार करणे, पैसे आणणे, नवशिष्यांना शिकवणे, अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन तासन्‌तास थांबणे ही कामे बहुतांशी त्यांच्याकडे असत. संकट आले की मारही तेच खात, कारण परदेशी पाद्र्याच्या अंगाला हात लावण्यापूर्वी अधिकारी विचार करत असे, चिनी माणसाच्या बाबतीत करत नसे. पोर्तुगीज उठाव करणार आहेत अशा अफवेमुळे १६०६ मध्ये हुआंग मिंगशा यांना ग्वांगचौला पकडण्यात आले आणि छळामुळे ते मरण पावले. रिचींचे जे एकमेव खात्रीचे व्यक्तिचित्र आज रोममध्ये आहे, ते यू वेनहुई या अशाच चिनी ब्रदरनी काढलेले आहे.

स्त्रियांविषयी पूर्वरंग यांनी एका वाक्यात लिहून सोडून दिले. पुरुषांच्या बैठकीत चालणारा धर्म घरातील स्त्रियांपर्यंत पोचायचा तर तो नवरा किंवा मुलगा यांच्या तोंडूनच पोचणार. अधिकाऱ्यांना ख्रिस्ती होण्यात सर्वांत मोठी अडचणही घरातलीच होती. ली झिजाओ हे रिचींचे जिवलग मित्र, १६०२ चा मोठा नकाशा छापणारे, पण दुसरी स्त्री घरात असल्याने त्यांना कित्येक वर्षे बाप्तिस्मा मिळाला नाही. तिला घराबाहेर काढल्यावर ते पात्र ठरले. त्या बाईंचे पुढे काय झाले याची कोणी नोंद ठेवली नाही. या हसतमुख भेटीगाठींच्या इतिहासात मला ही जागा सर्वांत खुपते.

निरंजन_द

मुक्ता यांचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे. माझा आक्षेप मला ज्या नेमकेपणाने मांडता आला नाही, तो त्यांनी मांडला.

गणितानंद

भूमितीबद्दल कोणी लिहिलेच नाही म्हणून लिहितो. शू ग्वांगछी हे १६०३ मध्ये नानजिंगला बाप्तिस्मा घेतलेले विद्वान १६०४ ची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण होऊन पेकिंगलाच राहिले. ते रोज रिचींकडे येऊन तीन-चार तास बसत. रिची आपले रोममधील शिक्षक ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांच्या लॅटिन पाठावरून प्रत्येक विधान तोंडी समजावत, शू ते चिनी गद्यात उतरवत आणि पुन्हापुन्हा तपासत. युक्लिडचे पहिले सहा भाग १६०७ मध्ये छापले गेले. शू यांना पुढचे भागही करायचे होते. रिचींनी थांबायचे ठरवले. त्याच वर्षी शू यांचे वडील वारले आणि प्रथेप्रमाणे शोककाळासाठी त्यांना गावी परतावे लागले.

माझ्या मते रिचींना त्या शहरात खरा विसावा मिळाला असेल तर तो या दुपारच्या तासांत. तेथे खुर्चीची धूळ झटकण्याची गरज नव्हती.

तिरकस

भूमितीला विसावा म्हणणारा माणूस या धाग्यावर भेटावा, हा माझ्या दृष्टीने रिचींच्या आगमनाइतकाच अद्भुत प्रसंग आहे.

निरंजन_द

एक हिशेब तरी मांडू. रिची वारले तेव्हा सगळ्या चीनमध्ये ख्रिस्ती झालेल्यांची संख्या सुमारे २,५०० होती असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या श्रमांचे हे फळ, आणि पुढच्या शतकात पूर्वजांना नमस्कार करण्याच्या चिनी प्रथेवरून रोमशी वाद पेटून पोपनी १७०४ आणि १७१५ मध्ये त्या प्रथेवर बंदी घातली, तेव्हा रिचींनी जपलेली सारी जुळवणी विस्कटली.

आंजेलुस

ती बंदी १९३९ मध्ये उठवण्यात आली, हेही त्या हिशेबात धरावे. वाद रिचींच्या हयातीतला नसल्याने येथे वाढवत नाही.

पूर्वरंग

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे हा दिनक्रम त्यांना मान्य होता की नाइलाज होता, त्याच्याजवळ आपण येऊन पोचलो आहोत असे वाटते. आंजेलुस म्हणतात तशी विभागणी त्यांच्या मनात नसावी, हे मला आता पटू लागले आहे. पण शरीराला विभागणी करावीच लागते. १६१० च्या वसंतातील घटना त्या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. त्या वर्षी राजधानीत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. प्रांतोप्रांतीचे अधिकारी तीन वर्षांतून एकदा होणाऱ्या हजेरीसाठी आले होते, आणि सर्वोच्च परीक्षेसाठी हजारो उमेदवारही. त्यांपैकी कित्येकांनी रिचींचे ग्रंथ वाचलेले होते आणि प्रत्येकाला त्यांना भेटायचे होते. ख्रिस्ती उपवासकाळ चालू होता. पाहुण्यांमुळे ताटावरून पुनःपुन्हा उठावे लागे आणि उपवासाच्या दिवशीचे एकमेव जेवणही धड होत नसे. आवारात नव्या चर्चचे बांधकाम सुरू झाले होते. त्यातच ली झिजाओ गंभीर आजारी पडले आणि रिची त्यांच्या शुश्रूषेत राहिले. त्याच आजारात ली यांनी बाप्तिस्मा घेतला. ली बरे झाले. ३ मे रोजी रिची भेटी आटोपून घरी आले आणि अंथरुणावर पडले ते उठलेच नाहीत.

मला वाटते, भेटीला आलेल्या कोणालाही परत न पाठवण्याचा नियम त्यांनी स्वतःहून घालून घेतला होता, आणि त्याची किंमत त्यांना माहीत होती. तेव्हा नाइलाज हा माझा शब्द मी येथे वापरणार नाही.

रोहिणी_नक्षत्र

औषधोपचार झाले की नाही?

कागदपत्रे

झाले. आधी आलेल्या वैद्याचा गुण आला नाही म्हणून राजधानीतील सहा नामांकित वैद्यांना एकत्र बोलावण्यात आले. त्यांच्यात एकमत झाले नाही आणि ते तीन वेगवेगळी औषधे लिहून निघून गेले. तीनपैकी कोणते द्यावे हे ठरवता न आल्याने जमलेल्या ख्रिस्ती मंडळींनी ती क्रूसासमोर ठेवून प्रार्थना केली आणि मग एक निवडले.

त्यानंतरचे काम पांतोहांनी केले. परदेशी माणसाला राजधानीत दफनासाठी जागा मिळण्याची रीत नव्हती. पांतोहांनी बादशहाकडे रीतसर अर्ज केला, तो एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे फिरला, आणि इतक्या वर्षांत रिचींनी ज्यांच्या ज्यांच्या घरी जाऊन चहा घेतला होता, त्यांतील बऱ्याच जणांचे शेरे त्यावर अनुकूल पडले. फूछंग वेशीबाहेरची, एका खोज्याकडून सरकारजमा झालेली जागा मंजूर झाली आणि १६११ मध्ये तेथे दफन झाले.

वाटसरू

ती जागा आजही आहे. १९०० च्या बॉक्सर उठावात तेथील थडग्यांची नासधूस झाली, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ती पुन्हा संकटात सापडली, आणि पुढे त्यांची डागडुजी करण्यात आली. सध्या ती बीजिंगमधील कम्युनिस्ट पक्षाच्या प्रशिक्षण संस्थेच्या आवारात येते.

अडगळ

भेटपत्रिका दारवानाकडेच द्यायची ना?